मनीऑर्डरच्या चिठोऱ्यावरच्या दोन ओळी

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

‘ताई, मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतला. वय 36. आयटीआयमध्ये एसी-रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला आणि गेली 7 वर्षे दुबईत देखभाल-दुरुस्तीच्या एका कंपनीत टेक्निशियन आहे. मूळ पगार 1200 दिरहम, भत्ते धरून 2200. अल कूझमध्ये कंपनीच्या रूमवर आम्ही सहा जण राहतो. गावी आई-वडील, पत्नी आणि मुलगी. मी निघालो तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती, आता दुसरीत आहे. दर दोन वर्षांनी गणपतीला येतो. रोज रात्री फोन करतो, पण मुलगी ‘जेवले, अभ्यास झाला’ एवढेच म्हणते आणि फोन आईच्या हातात देऊन पळते. मे महिन्यात वडील परड्यात घसरून पडले, पायाला प्लास्टर घातले, हे मला 12 दिवसांनी वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळले. मी रागावलो तेव्हा पत्नी म्हणाली, ‘तुम्ही पाहुण्यासारखे येता आणि मुकादमासारखे बोलता.’ ते वाक्य डोक्यातून जात नाही. चिऱ्याचे घर बांधायला घेतले आहे. स्लॅब झाला, गिलावा आणि लाद्या बाकी आहेत, पतसंस्थेचे कर्ज आहे. ‘अजून दोन वर्षे’ असे मी तीनदा म्हणून झाले. जुलैत एका इमारतीच्या गच्चीवर काम करताना मला चक्कर आली होती, ते मी घरी सांगितलेले नाही. त्या गच्चीवर एसीच्या युनिटच्या सावलीत एक मांजर व्यायली आहे. कधीकधी वाटते, घरच्यांपेक्षा मी तिच्याशीच जास्त बोलतो. पत्नीला आणि मुलीला इकडे आणू का? की सगळे सोडून गावी येऊ? रूममधले म्हणतात, स्वतः राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी कापतात. तुम्हीच सांगा.’

प्रिय भाऊ,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. जायचे की राहायचे, हा तुमचा मोठा प्रश्न मी टाळणार नाही, पण सुरुवात घड्याळापासून करते, कारण तुमच्या दुःखाचा एक भाग अगदी साध्या गोष्टीत अडकला आहे असे मला वाटते. तुम्ही कामावरून रूमवर येता, अंघोळ करता, स्वयंपाकघरात आपली पाळी येईपर्यंत थांबता आणि हातात ताट घेऊन घरी फोन लावता, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे नऊ तरी वाजलेले असणार. तेव्हा गुहागरात साडेदहा झालेले असतात. कोकणातल्या वाडीत रात्री साडेदहाला दुसरीतली मुलगी जागी असली तरी ती पेंगुळलेली असते, आणि पेंगुळलेल्या मुलाच्या कानाला कोणी फोन लावला तर ते आजीशीसुद्धा धड बोलत नाही. हे तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिचे तुमच्यावर प्रेम आहे की नाही, याची परीक्षा गेली कित्येक वर्षे तुम्ही तिच्या झोपेच्या वेळी घेत आला आहात.

तुमची साप्ताहिक सुट्टी रविवारी असते का, ते तुम्ही लिहिलेले नाही. जानेवारी 2022 मध्ये तिथल्या सरकारने शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवारची सुट्टी सुरू केल्यापासून अनेक कंपन्या आपल्या कामगारांना रविवार देतात, आणि तुम्हालाही तोच मिळत असेल तर बाप-लेकीची सुट्टी एकाच दिवशी येते. त्या दिवशी कपडे धुणे, रेशन आणणे, पैसे पाठवायला एक्स्चेंजच्या रांगेत उभे राहणे, ही सगळी कामे सकाळी नऊनंतर करा आणि नऊला पहिला फोन घरी लावा. घरी तेव्हा साडेदहा वाजलेले असतील, मुलगी अंगणात असेल, तिच्या हातात काहीतरी असेल आणि तिच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी घडलेले असेल.

आता बोलायचे काय, याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. तुम्ही तिला रोज तीन प्रश्न विचारत असणार: जेवलीस का, अभ्यास झाला का, आईला त्रास देत नाहीस ना. काळजीने विचारलेल्या या प्रश्नांची उत्तरे एका शब्दात संपतात, आणि ती देऊन झाली की मुलाच्या दृष्टीने काम आटोपलेले असते. उलट तुमच्याबद्दल तिला काय ठाऊक आहे? बाबा दुबईला असतात, बाबा पैसे पाठवतात आणि बाबा गणपतीला खोका घेऊन येतात. तुम्ही दिवसभर काय करता, कोणाबरोबर जेवता, तुम्हाला कशाचे हसू येते, यातले काही तिच्यापर्यंत पोचलेले दिसत नाही, आणि ज्या माणसाचा दिवस आपल्याला ठाऊक नाही त्याच्याशी काय बोलावे, हे मोठ्यांनाही सुचत नाही.

माझे वडील मुंबईत गिरणीत कामाला होते आणि आम्ही गावी. कोकणातल्या हजारो घरांसारखे आमचेही घर मनीऑर्डरवर चालत असे. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक लहानसा भाग जोडलेला असे आणि त्यावर निरोप लिहायला चार बोटे जागा असे. पोस्टमन ओटीवर बसून पैसे मोजून देई, आईची सही घेई आणि तेवढे चिठोरे फाडून तिच्या हातावर ठेवी. इतर घरांत त्या जागेत ‘रुपये मिळाल्याचे कळवणे, सर्वांना आशीर्वाद’ असे लिहून आलेले मी पाहिले आहे. वडील मात्र त्या चार बोटांत आपली बातमी लिहीत. ‘इकडे पाऊस फार, परळला पाणी भरले.’ ‘खोलीत नवा माणूस आला, संगमेश्वरचा आहे, भजन चांगले म्हणतो.’ ‘चपलेचा अंगठा तुटला, शिवून घेतला.’ आई ती चिठोरी वाण्याच्या बिलांसारखी तारेला टोचून ठेवत असे. मला वाचता येऊ लागल्यावर मी ती तार खाली उतरवून एकेक चिठोरे वाचले, आणि वर्षातून दोनदा दिसणारा माझा बाप कसा जगतो ते मला त्यांतून कळले. मनीऑर्डर किती रुपयांची असे ते मला आज आठवत नाही, पण त्या संगमेश्वरच्या माणसाला मी कधी पाहिले नसूनही त्याचे भजन मला ऐकू येत असे.

तुमच्या चार पानी पत्रात घर, कर्ज, वडील, पगार असे सगळे आले आहे आणि मांजरीला दोनच वाक्ये मिळाली आहेत. पण सात वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखी सर्वांत मोठी बातमी तीच आहे. ती मांजर कोणत्या रंगाची आहे, पिल्ले किती, डोळे उघडले का, एसीच्या पाइपातून ठिबकणारे पाणी ती पिते का, तुम्ही तिला काय घालता, हे तुम्ही मुलीला कधी सांगितले आहे का? तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरून थेट कॉल लागत नाही, म्हणून तुम्ही बोटिमसारखे अ‍ॅप वापरत असाल, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो आणि व्हिडिओही जातो. त्यासाठी दोघांनी एकाच वेळी मोकळे असण्याची गरज नसते. पहाटे कंपनीची बस येण्याआधी अर्ध्या मिनिटाचा एक निरोप बोलून ठेवा. ती तो तिच्या वेळेला ऐकेल, दोनदा ऐकेल, आजीला ऐकवेल, आणि तिला वाटेल तेव्हा उलट बोलून पाठवेल. मनीऑर्डरच्या चिठोऱ्यावर वडिलांना उलट उत्तर कधीच मिळत नसे. ती सोय तुम्हाला आहे, ती वापरा.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी बर दुबईहून देराला जाणाऱ्या अब्रामध्ये, म्हणजे तिथल्या खाडीतल्या होडीत, बसा. पारंपरिक अब्राला एक दिरहम पडतो आणि खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. तुमच्या मुलीने धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट नक्कीच पाहिली असेल. तिला ती खाडी आणि ही खाडी शेजारी ठेवून पाहू द्या, तिच्या बोटीत गाड्या चढतात आणि तुमच्या बोटीत माणसे पाठीला पाठ लावून बसतात हे तिचे तिलाच शोधू द्या. उंच इमारतींचे फोटो तिला पाठवू नका असे मी म्हणत नाही, पण त्या इमारतींत तुम्ही कुठे आहात हे तिला दिसत नाही. तुमची पलंगाची खालची की वरची बर्थ, उशीजवळ खिळ्याला अडकवलेली पिशवी, सहा जणांच्या सहा कुकरच्या शिट्ट्या, हे तिला दाखवा. ‘माझे बाबा असे राहतात’ हे कळल्याने मुलांना वाईट वाटेल, अशी आपल्याकडच्या पुरुषांना भीती असते. माझा अनुभव असा आहे की मुलांना त्याने वाईट वाटत नाही, जवळचे वाटते.

तुमच्या पत्नीच्या वाक्याकडे आता येते. त्या वाक्याने तुम्ही दुखावलात हे मी समजू शकते, कारण सहा जणांच्या खोलीत राहून, उन्हात गच्चीवर काम करून पै-पै घरी पाठवणाऱ्या माणसाला ‘पाहुणा’ म्हणवून घेणे सोपे नाही. तरी मी तुमच्या पत्नीच्या बाजूने दोन शब्द लिहिणार आहे. तुम्ही लिहिता, ‘मी घर बांधायला घेतले आहे.’ पैसे तुमचे आहेत यात शंका नाही. पण चिरे उतरवून घेताना ट्रकपाशी कोण उभे होते, स्लॅबच्या दिवशी पंधरा माणसांचे जेवण कोणी रांधले, सलग आठ दिवस स्लॅबवर पाणी कोणी मारले, गवंडी आला नाही तेव्हा त्याच्या घरी कोण गेले, ग्रामपंचायतीत कागदासाठी किती खेपा कोणी घातल्या? आणि त्याच वेळी सासऱ्यांच्या पायाचे प्लास्टर, मुलीची शाळा, सासूबाईंची औषधे हे सगळे तिच्याच अंगावर होते. रात्री साडेदहाला फोन येतो आणि त्यातून पहिला प्रश्न येतो, ‘सिमेंटच्या किती गोण्या उरल्या?’ मुकादम हा शब्द तिने रागाने वापरला असेल, पण तो तिला असाच आयता सुचलेला नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. घराच्या कामाचे बोलणे आठवड्यातून एका ठरावीक दिवशी करा आणि त्या दिवशी हिशेब ती सांगेल, तुम्ही ऐकाल, असे ठेवा. लाद्यांचा रंग, ओट्याची उंची, खिडकीची जागा ही तिने ठरवू द्या, कारण त्या ओट्यापाशी उभे राहायचे तिलाच आहे. उरलेल्या दिवशी सिमेंटचा विषय काढू नका. आणि एकदा, फक्त एकदा, तिला विचारा की गेली सात वर्षे तिची कशी गेली. विचारून झाल्यावर गप्प राहा. ती लगेच बोलणार नाही, कदाचित ‘काय व्हायचंय, ठीक चाललंय’ म्हणेल, कदाचित चिडेल. पण आपल्याला हे कोणी विचारले होते, हे तिच्या लक्षात राहील.

वडिलांचे पडणे तुमच्यापासून लपवले गेले, याचा तुम्हाला राग आहे. पण जुलैमध्ये तुम्हाला चक्कर आली ते तुम्हीही लपवलेच आहे, आणि कारण दोन्हीकडे एकच आहे: ‘इतक्या लांबून तो माणूस काय करणार, उगाच जिवाला घोर.’ परदेशी माणूस असलेल्या घरांत ही सवय फार लवकर लागते आणि नंतर तिचा त्रास असा होतो की फोनवर ‘सगळे ठीक आहे’ असे ऐकले की त्यावर विश्वासच बसत नाही. माणूस रात्रभर आवाजातला कंप शोधत पडून राहतो. तुम्ही आधी आपली चक्कर पत्नीला सांगा. नंतर दोघांनी मिळून एक गोष्ट ठरवा: दवाखान्यात जावे लागले, कुणाला झोपून राहावे लागले, पैसे उसने घ्यावे लागले, तर त्याच दिवशी कळवायचे, आणि ऐकणाऱ्याने ओरडायचे नाही. दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, कारण तुमच्या रागाची भीती नसती तर बारा दिवस गेले नसते.

चकरेबद्दल मात्र मला स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. तिथे 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 पर्यंत उघड्यावर, उन्हात काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. तुम्हाला त्या वेळात गच्चीवर ठेवले होते का, ते तुम्ही लिहिलेले नाही. ठेवले असेल तर ती कंपनीची चूक आहे आणि मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करता येते. एकट्याला धीर होत नसेल तर दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रात जाऊन आधी बोला, ते केंद्र अशाच कामांसाठी आहे. चक्कर त्या वेळेबाहेर आली असेल, सकाळी दहा-अकराला, तर ती आणखी गंभीरपणे घ्या, डॉक्टरांना दाखवा आणि पाण्यात मीठ-साखर घालून बाटली बरोबर ठेवा. ज्या घरासाठी तुम्ही हे करता आहात त्या घराला तुम्ही धडधाकट हवे आहात.

आता तुमचे प्रश्न. दोघींना तिकडे आणण्याविषयी लवकर सांगून टाकते. कुटुंबाला राहण्याचा व्हिसा मिळण्यासाठी तिथे किमान 4000 दिरहम पगार, किंवा 3000 दिरहम आणि राहण्याची जागा लागते. तुमच्या पगारात ते बसत नाही. महिनाभराच्या भेटीचा व्हिसा काढता येईल, पण दोन तिकिटे आणि भाड्याची खोली यांत जे पैसे जातील त्यांत तुम्ही स्वतः दोनदा गावी येऊन जाल. माझे मत विचाराल तर तुम्ही या.

आणि येताना गणपतीला येऊ नका. हे वाचून तुम्हाला धक्का बसेल, कारण कोकणी माणसाला गणपतीला येऊ नको म्हणणे जवळजवळ पाप आहे. मी कायमचे नको म्हणत नाही, फक्त या वेळची सुट्टी वेगळ्या दिवसांत घ्या असे सांगते आहे, आणि त्याचे कारण माझ्या घरातले आहे. माझे वडील गणपतीला आणि शिमग्याला येत. ते आले की घरात माणसे, आरत्या, पालखी, जाकड्या, आणि दहाव्या दिवशी ते पुन्हा एसटीत. माझ्या लहानपणी बाप म्हणजे सण होता. मग 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी काही महिने वाट पाहून गावी परतले. वडील वैशाखात आले आणि पावसाळाभर राहिले. त्या वर्षी मी त्यांना पहिल्यांदा आषाढात पाहिले. लावणीची सवय मोडल्यामुळे त्यांच्या हातांना फोड आले होते. ते चहा बिनदुधाचा पीत. त्यांना पावकी-निमकीचे पाढे तोंडपाठ होते आणि बाहेर पाऊस कोसळत असताना ओटीवर बसून ते माझ्याकडून ते म्हणवून घेत. मी चुकले की ते आपला कान धरत, माझा नाही. मला बाप मिळाला तो त्या चार महिन्यांत.

पण त्याच चार महिन्यांत आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि त्या परत आल्या नाहीत, हेही मला तुम्हाला सांगितले पाहिजे. मनीऑर्डर थांबल्यावर घर कसे होते ते मी पाहिले आहे. म्हणूनच तुम्ही ‘सगळे सोडून येऊ का’ असे विचारता तेव्हा ‘या’ असे मी एका झटक्यात म्हणू शकत नाही. माझ्या वडिलांचे ते येणे त्यांनी ठरवलेले नव्हते. तुमचे तुम्ही ठरवू शकता.

तिथल्या कायद्याप्रमाणे एक वर्ष नोकरी झाल्यावर दरवर्षी 30 दिवसांची भरपगारी रजा मिळते. तुम्ही तिकिटाचे पैसे वाचवण्यासाठी दोन वर्षांनी येता, असे दिसते. हा हिशेब बदला. आगाऊ काढलेल्या तिकिटाचा खर्च लाद्यांच्या खर्चात मिळवा आणि लाद्या सहा महिने उशिरा बसवा. नोव्हेंबरात या किंवा फेब्रुवारीत या, जेव्हा शाळा चालू असते, घरात पाहुणे नसतात आणि कुणी तुमच्यासाठी खास काही करत नाही. मुलीला शाळेत सोडा, आणा, तिच्या बाईंना भेटा. वडिलांना घेऊन दवाखान्यात जा. चूल नाही तर गॅस पेटवून एखाद्या सकाळी सगळ्यांचा चहा करा. सहा जणांच्या रूममध्ये सात वर्षे राहिलेल्या माणसाला स्वयंपाक येतो, हे तुमच्या घरच्यांना बहुधा माहीत नसेल. खोके भरून आणू नका. पहिले काही दिवस मुलगी तुमच्यापासून जरा लांबच राहील, ते सहन करा.

त्याच सुट्टीतले चार-पाच दिवस दुसऱ्या कामासाठी ठेवा. चिपळूण आणि रत्नागिरीत एसी-फ्रीजची दुरुस्ती करणाऱ्यांना भेटा, लोट्याच्या एमआयडीसीत चौकशी करा, किनाऱ्यावरच्या लॉजवाल्यांना विचारा की मे महिन्यात एसी बंद पडला तर ते कुणाला बोलावतात आणि तो किती दिवसांनी येतो. रत्नागिरीत मासळीसाठी बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे आहेत, तिथे तुमच्या हातातले काम लागते. महिन्याला किती सुटेल याचा आकडा कागदावर लिहून काढा. तो दुबईच्या पगारापेक्षा कमी असेल, पण रूमवरचा खर्च, तिकिटे, खोके आणि पाठवणीचे शुल्क वजा केल्यावर तो नेमका किती कमी आहे ते तुम्हाला दिसेल, आणि आतापर्यंत तुम्ही ते पाहिलेलेच नाही.

ग्रॅच्युइटीविषयी रूममधले सांगतात तो जुना नियम आहे. पूर्वी पाच वर्षांच्या आत स्वतः राजीनामा देणाऱ्याची रक्कम कापली जात असे. 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ती कपात राहिलेली नाही. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी 30 दिवसांचा मूळ पगार मिळतो. तुमची 7 वर्षे धरली तर 105 अधिक 60, म्हणजे 165 दिवस होतात. मूळ पगार 1200 दिरहम, म्हणजे दिवसाला 40, आणि एकूण 6600 दिरहम. आपल्याकडे ते दीड लाख रुपयांच्या आसपास जातात. भत्ते यात धरत नाहीत, हे लक्षात ठेवा, म्हणजे नंतर फसवले गेल्यासारखे वाटणार नाही. करारातली पूर्वसूचनेची मुदत पाळा. नोकरी संपल्यापासून 14 दिवसांच्या आत सगळी देणी मिळाली पाहिजेत असे कायदा सांगतो.

या आकड्यांवरून ‘अजून दोन वर्षे’ याला तारीख द्या. तुम्ही तीनदा म्हणालात ती दोन वर्षे म्हणजे खरे तर मुदत नव्हती, ते घरच्यांना आणि स्वतःला शांत करण्यासाठी म्हटलेले वाक्य होते, आणि चौथ्यांदा ते कुणी ऐकणार नाही. पतसंस्थेचे कर्ज किती हप्त्यांत फिटते, गिलाव्याला किती लागतात, गावात काम सुरू करायला हत्यारे आणि दुचाकीसाठी किती हवेत, एवढे तीनच आकडे मांडा. बंगला, दुसरा मजला, कंपाउंड ही कामे त्या यादीत येऊ देऊ नका, कारण यादी वाढली की तारीख पुढे जाते. मग महिना आणि वर्ष लिहून तो कागद पत्नीजवळ द्या, म्हणजे तारीख बदलायची झाली तर तुम्हाला तिच्याशी बोलावे लागेल. हा कागद झाल्यावरही घरची आठवण येतच राहील. पण किती दिवस काढायचे आहेत ते ठाऊक असलेल्या माणसाची आठवण वेगळी असते, हे आमच्या वाडीतल्या सगळ्या चाकरमान्यांच्या बायकांना ठाऊक होते.

तोवर तिथले तुमचे दिवसही चांगले जायला हवेत. वडिलांच्या खोलीत पाळ्यांप्रमाणे माणसे झोपत, रात्रपाळीचा उठला की त्याच वळकटीवर दिवसपाळीचा आडवा होई, तरी त्या खोलीत भजन होते, खानावळीतले भांडण होते, एकमेकांच्या पत्रांना उत्तरे लिहून देणे होते. तुम्ही पत्रात पाच सोबत्यांबद्दल ‘रूममधले’ या एका शब्दापलीकडे काही लिहिलेले नाही. त्यांतल्या कुणाच्या घरी लहान मूल आहे, कुणाची आई आजारी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आठवड्यातून एकदा सहा कुकरांऐवजी एकाच मोठ्या पातेल्यात जेवण करा आणि फोन बाजूला ठेवून जेवा. जो माणूस मांजरीशी बोलतो त्याला बोलायचे आहे, एवढे तुमच्या पत्रावरून मला नक्की कळले.

आज रात्री मुलीला फोनवर बोलावू नका. उद्या कामावर त्या मांजरीचा आणि पिल्लांचा एक लहानसा व्हिडिओ घ्या. परवा पहाटे सव्वापाचला, बसची वाट पाहताना, तो पाठवा आणि सोबत बोलून ठेवा की पिल्लांना नावे ठेवायची आहेत आणि मला सुचत नाहीत. घरी तेव्हा पावणेसात वाजलेले असतील. तिची आई तिच्या वेण्या घालत असेल, आणि वेणी पुरी होईपर्यंत तिला जागेवरून उठता येणार नाही.

तुमची ताई